पोटगीची तबकडी

दिवाणी दाव्याच्या मसुद्यात एक परिच्छेद हमखास असतो. 'दाव्यास कारण' या शब्दांनी तो सुरू होतो आणि त्यात तारीख घालावी लागते. भांडण नेमकं कधी उपजलं, ती तारीख. शेताच्या दाव्यात ती सापडते : अमुक दिवशी प्रतिवादीने बांध कोरला. उसनवारीच्या दाव्यातही सापडते. नवराबायकोच्या अर्जात मात्र याच ओळीपाशी काम अडतं. न्यायालयाच्या आवारात यंत्र मांडून मी जवळजवळ तीस वर्षं बसलो, आधी रेमिंग्टनवर आणि पुढे संगणकावर वकिलांचे मसुदे टंकून दिले. या ओळीपाशी पक्षकार वकिलाकडे बघे, वकील माझ्याकडे बघे, आणि शेवटी बहुतेक वेळा बाई माहेरी निघून आली ती तारीख पडे. ती खोटी नसे. पण संसार काही त्या दिवशी मोडलेला नसे, हे टंकणाऱ्यालाही कळे.

मार्विन गे या अमेरिकन गायकाने डिसेंबर १९७८मध्ये 'हिअर, माय डिअर' नावाचा एक संच काढला. दोन तबकड्या, चार बाजू, १४ तुकडे, सव्वा तासाला थोडा कमी ऐवज. त्यातलं मुख्य गाणं याच ओळीवर अडलेलं आहे. 'व्हेन डिड यू स्टॉप लव्हिंग मी, व्हेन डिड आय स्टॉप लव्हिंग यू' हे त्याचं लांबलचक नाव. तुझं माझ्यावरचं प्रेम कधी थांबलं, आणि माझं तुझ्यावरचं कधी? हे गाणं संचात तीनदा येतं : एकदा शब्दांसह, एकदा नुसत्या वाद्यांवर, आणि अगदी शेवटी पाऊण मिनिटाची आठवण म्हणून. तारीख तिन्ही वेळा सापडत नाही.

हा संच माझ्याकडे आला तो संगीतामुळे नव्हे. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस लोक घरातल्या तबकड्या किलोवर विकत होते आणि मी जुन्या नाट्यपदांसाठी भंगारवाल्यांच्या खोक्यांत हात घालत होतो. हे जाड पाकीट उघडलं तर आत 'जजमेंट' असा शब्द दिसला. दिवसातून दहा वेळा टंकत असलेला शब्द गाण्याच्या पाकिटात कसा, एवढ्याच कुतूहलाने मी ते घरी आणलं. इंग्रजी शब्द कळायला कोश लागला, उच्चार कळायला काही वर्षं लागली. पुढची पंचवीस वर्षं जमेल तसं, जमेल तिथून वाचत गेलो. त्या वाचनाचा हा हिशेब.

सोल म्हणजे चर्चमधल्या गॉस्पेल गायनाचा आवेश, हाका, प्रतिसाद घेऊन लौकिक प्रेमाची गाणी म्हणणं. भजनाच्या चालीवर शृंगार गायल्यासारखं म्हणता येईल. उपमा लंगडी आहे, पण वाचकांनी चालवून घ्यावी. मार्विनचा जन्म २ एप्रिल १९३९चा, वॉशिंग्टन शहरातला. वडील धर्मोपदेशक, घरात मारझोड, आणि पोराचा गळा चर्चमध्ये तयार झालेला. पुढे तो डेट्रॉइटला आला. तिथे बेरी गॉर्डी नावाच्या कृष्णवर्णीय तरुणाने १९५९मध्ये घरच्यांकडून ८०० डॉलर उसने घेऊन जी कंपनी काढली, ती मोटाऊन. बेरीची थोरली बहीण ॲना. मार्विन तिच्या प्रेमात पडला. ती त्याच्यापेक्षा १७ वर्षांनी मोठी होती. साठच्या दशकाच्या सुरुवातीला लग्न झालं आणि गायक मालकाचा मेहुणा झाला.

ही सोयरीक ध्यानात ठेवली नाही तर पुढचा व्यवहार कळत नाही. १९७१चा 'व्हॉट्स गोइंग ऑन' आणि १९७३चा 'लेट्स गेट इट ऑन' या दोन संचांनी मार्विन शिखरावर पोचला. याच १९७३मध्ये त्याला जॅनिस हंटर भेटली. तिचं वय १७ होतं. तिच्यापासून त्याला दोन मुलं झाली. ॲनाने १९७५मध्ये घटस्फोटाचा अर्ज दाखल केला आणि मार्च १९७७मध्ये निकाल लागला. मार्विन लाखो डॉलर कमवत होता, पण हातात रोकड राहत नव्हती; खर्च अफाट, कर थकलेले, अमली पदार्थांची सवय. तेव्हा त्याच्या वकिलाने, कर्टिस शॉने, तोडगा काढला : पुढच्या संचाचा पैसा ॲनाला द्यायचा. एकूण सहा लाख डॉलर. त्यातले तीन लाख पाच हजार कंपनीकडून मिळणाऱ्या आगाऊ रकमेतून, आणि उरलेले दोन लाख पंच्याण्णव हजार त्या संचाच्या मिळकतीतून.

मी पोटगीचे असंख्य कागद टंकले आहेत. पगारातून कपात, जमिनीवर बोजा, दागिने परत, म्हशीसकट तडजोड, सगळं पाहिलं. पण जे अजून निर्माणच झालेलं नाही अशा कलाकृतीतून पोटगी, हे एकदाच पाहिलं. शिवाय आगाऊ रक्कम देणारी कंपनी बायकोच्या भावाची. म्हणजे कागदावर पाहिलं तर भावाच्या तिजोरीतला पैसा बहिणीच्या हाती जायचा आणि मधल्या माणसाने त्यासाठी गायचं.

मार्विनचा पहिला विचार अगदी मानवी होता. डेव्हिड रिट्झ या चरित्रकाराला त्याने पुढे सांगितलं की सुरुवातीला नुसत्या पाट्या टाकायच्या असं ठरलं होतं. पैसा तिला जाणार, मग आपण कशाला जीव ओतायचा? पण काम सुरू झालं आणि विषय त्याला सोडेना. लॉस एंजेलिसमधला स्टुडिओ त्याचा स्वतःचा होता, घड्याळ लावणारं कोणी नव्हतं, सोबत आर्ट स्टुअर्ट हा ध्वनिमुद्रक. १९७७चे कित्येक महिने त्याने तिथे काढले. जो कागद कर्ज फेडण्यासाठी करायचा होता, त्याची कैफियत झाली.

नावापासूनच बघा. 'हिअर, माय डिअर' याचा मराठी अर्थ 'घे गं बाई' असा करावा लागेल, आणि 'घे गं बाई' हे आपण ज्या दोन सुरांत म्हणतो ते दोन्ही त्यात आहेत. एक लाडाचा आणि एक वैतागाचा. पहिल्याच तुकड्यात तो हा संच तिला अर्पण करतो. लगेच 'आय मेट अ लिटल गर्ल'. त्याची चाल पन्नासच्या दशकातल्या डू-वॉप गाण्यांची, म्हणजे दोघे भेटण्याआधीच्या जमान्याची. चार पोरांनी कोपऱ्यावर उभं राहून एकमेकांच्या सुरात सूर मिळवत म्हणायची ती गाणी. इथे मात्र चारही पोरं मार्विनच आहेत. 'व्हॉट्स गोइंग ऑन'पासून त्याने स्वतःच्या आवाजावर स्वतःचाच आवाज चढवण्याची रीत धरली होती. या संचात ती शिगेला पोचते. आपल्याकडे तमाशात मुख्य गाणाऱ्यामागे झीलकरी उभे असतात. इथला गायक स्वतःच स्वतःची झील धरतो. एक आवाज तक्रार करतो, दुसरा त्याला दुजोरा देतो, तिसरा लांबून हुंदका देतो. पक्षकार, वकील आणि साक्षीदार एकाच गळ्यातून बोलतात. आणि ज्या 'छोट्या मुली'ची गोष्ट चालली आहे ती भेटली तेव्हा तिशी ओलांडून बरंच पुढे गेलेली होती, ही गंमत त्याने जाणूनबुजून ठेवली की ओघात आली ते त्याचं त्याला ठाऊक.

मग येतं ते मुख्य गाणं. सहा मिनिटांहून जास्त, आणि त्याला ध्रुवपद नाही. गाणं फिरून एका ठिकाणी येतं आणि ऐकणारा विसावतो, ही सोय इथे नाहीच. तो बोलत राहतो, बोलता बोलता गातो. आरोप करतो, मागे घेतो, पुन्हा करतो. खालचा ठेका शांत, जवळजवळ आळसावलेला. न्यायालयाच्या व्हरांड्यात दुपारी पुकारा होण्याची वाट बघत बसलेली माणसं अशी बोलतात. शेजारचा ऐकतोय की नाही याची फिकीर नसते. मला वाटतं, या गाण्याची खरी किंमत नावाच्या उत्तरार्धात आहे. 'तुझं कधी थांबलं' हा अर्ज झाला. 'माझं कधी थांबलं' हे विचारणारा अर्जदार मी तरी पाहिला नाही.

'अँगर'मध्ये तो रागाबद्दल गातो. आपल्या रागाची लाज वाटणाऱ्या माणसाचं गाणं आहे ते. 'इज दॅट इनफ'मध्ये न्यायाधीश, वकील, पोटगी सगळे हजेरी लावून जातात. इथे तो सरळसरळ किरकिरतो, आणि मध्यानंतर शब्द संपून सॅक्सोफोन बराच वेळ एकटाच चालत राहतो. किरकिरीपेक्षा तो सॅक्सोफोन मला जास्त पटतो. तिसऱ्या बाजूवर 'ॲनाज साँग'. कैफियत चालू असताना तो मध्येच तिचं नाव घेऊन हाक मारतो. त्या हाकेत अर्जदार राहत नाही, नवरा उरतो. ही एक जागा ऐकली तरी हा सूड उगवायला काढलेला संच आहे हे त्या काळातलं बोलणं टिकत नाही. चौथ्या बाजूवरच्या 'यू कॅन लीव्ह, बट इट्स गोइंग टू कॉस्ट यू'मध्ये मात्र सूर पुन्हा हिशेबाचा. जायचं तर जा, पण महागात पडेल. 'स्पॅरो' आणि 'एव्हरीबडी नीड्स लव्ह' या दोन गाण्यांत विषय पसरट होतो. कोणी बोधवचनांकडे वळलं की समजावं, दुखरी जागा चुकवतोय.

पाकिटावरचं चित्र मायकेल ब्रायनचं. पुढच्या बाजूला रोमन थाटाचं देऊळ, झगा घातलेला मार्विन, मिठीतल्या जोडप्याचा पुतळा, आणि 'प्रेम व विवाह' अशा अर्थाचे शब्द. मागच्या बाजूला तेच देऊळ पडझड झालेलं, 'वेदना व घटस्फोट'. आत आपल्या 'व्यापार' खेळासारखा पट मांडलेला. पटाच्या एका कडेकडून पुरुषाचा हात बाईच्या हातावर एक तबकडी ठेवतो. हेच ते 'जजमेंट', ज्याने मला गाठलं होतं. चित्र भडक आहे. चांगलं आहे असं मी म्हणणार नाही. पण न्यायालयातला निकाल आणि पटावरचा डाव एकाच चौकटीत आणणाऱ्याला विषय कळला होता.

बाजारात काय झालं? १९७७च्या उन्हाळ्यात मार्विनचं 'गॉट टू गिव्ह इट अप' हे नाचाचं गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं होतं. डिस्कोचा जमाना होता. लोकांना आणि कंपनीला तसलंच आणखी हवं होतं. त्याऐवजी आली एका संसाराची मिसल. सुटं गाणं म्हणून काढायला त्यातल्या त्यात ठेका असलेलं 'अ फंकी स्पेस रीइनकार्नेशन' निवडलं गेलं. आठ मिनिटांची ती अंतराळातली प्रणयकल्पना, म्हणजे संचातला सगळ्यात कमी प्रातिनिधिक तुकडा. ते सोलच्या यादीत २३व्या क्रमांकापर्यंत पोचलं. संच सोलच्या यादीत चौथा आला, पण अमेरिकेच्या सर्वसाधारण यादीत २६व्या क्रमांकावर थांबला. 'व्हॉट्स गोइंग ऑन' तिथे सहावा आला होता, 'लेट्स गेट इट ऑन' दुसरा, १९७६चा 'आय वाँट यू' चौथा, १९७७चा लंडन पॅलेडियममधल्या कार्यक्रमाचा संच तिसरा. बहुतेक समीक्षकांनीही पाठ फिरवली. लांबण, आत्मदया, चाली नाहीत, असे आक्षेप होते. आक्षेप खोटे नाहीत. ध्रुवपद नसलेलं गाणं आकाशवाणीवर वाजवायचं कसं आणि गुणगुणायचं कसं? माझं मत एवढंच की ध्रुवपद नसणं ही इथे उणीव नाही. ज्याला आपल्या प्रश्नाचं उत्तर सापडलं आहे त्याच्या गाण्याला ध्रुवपद असतं.

इथवरचं सगळं मी बरीच वर्षं असंच, मार्विनच्या बाजूने, ऐकत आलो. एका दिवाळीत ताईला हे सगळं उत्साहाने सांगत होतो. माझी ही थोरली बहीण. नव्वदच्या दशकात तिने स्वतः पोटगीचा अर्ज केला होता. तो मीच टंकला होता. तेव्हा फौजदारी संहितेच्या कलम १२५खाली महिना ५०० रुपयांपेक्षा जास्त मिळत नसे. ती मर्यादा २००१मध्ये उठली. तिला त्यापेक्षाही कमी मंजूर झाले आणि तेही वेळेवर आले नाहीत. ताईने फराळाचं ताट पुढे सरकवत सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि ती काय करत होती रे? का नुसती पैसे घेत होती?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. लाज वाटली आणि मी ॲनाचा माग काढायला बसलो.

ॲना ही गायकाची बायको होण्याआधी धंद्यातली बाई होती. मोटाऊन आकार घेत होती त्याच काळात ती, तिची बहीण ग्वेन आणि बिली डेव्हिस यांनी मिळून 'ॲना रेकॉर्ड्स' ही स्वतंत्र कंपनी चालवली. बॅरेट स्ट्राँगचं 'मनी' हे मोटाऊनचं सुरुवातीचं गाजलेलं गाणं देशभर पोचलं ते १९६०मध्ये ॲनाच्या नावाच्या या तबकडीवरून. मार्विनचं 'प्राइड अँड जॉय' तिला डोळ्यांपुढे ठेवून रचलेलं. ओरिजिनल्स या गायकवृंदाच्या 'बेबी, आय'म फॉर रिअल' आणि 'द बेल्स' या गाण्यांच्या रचनाकारांत मार्विनबरोबर तिचं नाव आहे. 'व्हॉट्स गोइंग ऑन' या संचाला आज अमेरिकन संगीतातलं लेणं मानतात. त्यातल्या 'फ्लायिंग हाय' आणि 'गॉड इज लव्ह' या दोन रचनांच्या श्रेयात ॲना गॉर्डी गे हे नाव छापलेलं आहे. मी ते पंचवीस वर्षं बघत होतो आणि वाचत नव्हतो.

खरा धक्का पुढे आहे. 'लेट्स गेट इट ऑन' हा संच नव्या प्रेमाच्या धुंदीचा म्हणून ओळखला जातो. त्यातलं शेवटचं गाणं 'जस्ट टू कीप यू सॅटिस्फाइड'. मुळात हे ओरिजिनल्सनी मुद्रित केलेलं साधं प्रेमगीत होतं. मार्विनने त्याचे शब्द बदलले आणि स्वतःच्या लग्नाला निरोप देणारं गाणं केलं. रचनाकार तिघे : मार्विन, एल्जी स्टोव्हर आणि ॲना. म्हणजे बायकोबरोबर रचलेल्या प्रेमगीतातच त्याने बायकोचा निरोप घेतला, आणि तिचं नाव श्रेयात तसंच राहिलं. हे १९७३चं, अर्ज दाखल होण्याच्या दोन वर्षं आधीचं. 'दाव्यास कारण' या ओळीत मला कोणी तारीख घालायला सांगितली असती तर मी हे साल टंकलं असतं.

'हिअर, माय डिअर'च्या रचनाकारांत ॲनाचं नाव नाही. चार बाजूंवर तिच्याबद्दल इतकं बोललं जातं, आणि बोलतो फक्त तो. लग्नाची जमाखर्चाची वही बायकोने लिहायची ही आपल्या साहित्यातली सवय, 'स्मृतिचित्रे'पासून 'आहे मनोहर तरी'पर्यंत. मराठी वाचकाला म्हणूनच हा संच अपुरा वाटू शकतो. मला आता वाटतो. आवडतो पूर्वीइतकाच, पण एकतर्फी हुकूमनामा वाचताना जसं जाबदाराच्या रिकाम्या जागेकडे लक्ष जातं तसं होतं. हे सगळं चव्हाट्यावर आणल्याबद्दल दावा लावायचा विचार ॲनाने एका मासिकाशी बोलताना सांगितला होता. दावा काही लागला नाही.

पुढचं थोडक्यात. मार्विनने ऑक्टोबर १९७७मध्ये जॅनिसशी लग्न केलं, तेही टिकलं नाही. कर्जबाजारी होऊन काही काळ तो हवाई बेटांवर राहिला, मग युरोपात, बेल्जियममधल्या ओस्टेंड गावी. मोटाऊन सोडली. १९८२मध्ये 'सेक्शुअल हीलिंग'ने सगळं परत मिळवून दिलं. १ एप्रिल १९८४ रोजी, पंचेचाळिसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, वडिलांनी त्याला गोळी घालून ठार केलं. त्याची रक्षा पॅसिफिक महासागरात सोडणाऱ्यांत ॲना होती. ती २०१४पर्यंत जगली. संच १९९४मध्ये पुन्हा बाजारात आला. 'रोलिंग स्टोन'ने २००३मध्ये सर्वकाळच्या ५०० संचांची यादी केली तेव्हा त्यात त्याला जागा मिळाली.

गेल्या वर्षी ताईला 'ॲनाज साँग' ऐकवलं. तिला इंग्रजी कळत नाही, पण हाक कळली. गाणं संपल्यावर म्हणाली, "समोर असताना मारली असती तर." आणि तबकडी उलटायला सांगितली.

चौथ्या बाजूवर शेवटून दुसरं 'फॉलिंग इन लव्ह अगेन', नव्या प्रेमाचं, सुटकेचं. कोणीही संच तिथेच संपवला असता. मार्विन संपवत नाही. त्यानंतर पाऊण मिनिटासाठी तेच जुनं गाणं पुन्हा येतं, तोच प्रश्न घेऊन, आणि विरत जातं. पुढे सुई नुसती कडेच्या रेघेवर फिरत राहते.